भिडू पाडल्याशिवाय खेळ नाही

आधी जमिनीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. बीबीच्या आमच्या हायस्कुलाच्या पाठीमागे, मेहकरकडे जाणाऱ्या सडकेला लागून पाटलांचा एक पडीत तुकडा होता. मुरूम, धोंडे, तरवडाची झुडपं आणि पाऊल ठेवावं तिथे सराटे. गुरंसुद्धा त्या बाजूला फिरकत नसत. मी शाळेत ड्रिलमास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि पोरांना पळायला जागा नव्हती. म्हणून एका सकाळी पाटलांच्या ओसरीवर जाऊन मी तो तुकडा मागितला. पाटील अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. वर न पाहताच म्हणाले, "घ्या ना मास्तर. तिथं काही पिकत नाही. पोरं पिकली तं पाहा."

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. जिल्हा परिषद नवीकोरी होती आणि आमच्या हेडमास्तरांना तिथल्या शिपायाचीही भीती वाटायची. मी मूळचा चिखलीचा, कारकुनाचा मुलगा. मी कचेरीत चिकटावं असं वडिलांच्या मनात होतं, पण मी अमरावतीला जाऊन व्यायामाचं शिक्षण घेतलं आणि तिथेच फुटबॉल पहिल्यांदा पाहिला. खेळाडू म्हणून मी बेताचाच होतो. शिट्टी मात्र झकास वाजवायचो, आणि रागावलो की माझा आवाज सडकेपलीकडच्या विहिरीपर्यंत जायचा असं पोरं म्हणत. पगारातून एक चामडी फुटबॉल घेऊन मी बीबीला आलो. तो पाहायला पहिल्या दिवशी मास्तरांसकट सगळी शाळा जमली होती. गणिताच्या गुरुजींनी तो दोन बोटांनी दाबून पाहिला आणि आत काय आहे म्हणून विचारलं. हवा आहे म्हटल्यावर ते निराश झाले.

ते मैदान आम्ही कसं तयार केलं ते माझं मला माहीत. वर्षभर ड्रिलचा अर्धा तास धोंडे वेचण्यात जायचा. पोरं अनवाणी. सराटे मुळासकट उपटून टोपलीत भरायचे, सडकेपलीकडे नेऊन जाळायचे, की पाऊस पडल्यावर पुन्हा हजर. चेंडूच्या ब्लाडरला काटा लागला की सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला न्यायचा. दुकानदार म्हणायचा, मास्तर, याले एक चाक लावून घ्या, म्हणजे मले ओळखू येईन. वेचलेल्या धोंड्यांचा सडकेच्या कडेला बांध झाला. बाभळीच्या बल्ल्या रोवून दोन्हीकडे गोल उभे केले. एक दिवस पोरं पडली तरी गुडघे फुटेनात, तेव्हा मला कळलं की मैदान झालं.

खेळ पोरांना लवकर आला. आमच्याकडे आट्यापाट्या जोरात, त्यामुळे हुलकावणी देणं त्यांच्या अंगातच होतं. सगळ्यात पटाईत होता आमचा कप्तान. आठवीतला, काटकुळा, पाटलांच्या सालदाराचा मुलगा. बाप वर्षाच्या बोलीनं पाटलांच्या शेतात राबायचा, आणि हा पोरगा सकाळी पाटलांच्याच बैलांना पाणी दाखवून शाळेत यायचा. बोलायचा कमी. पण खेळ सुरू व्हायच्या आधी भिडू पाडायचं काम मात्र त्याचंच असे.

भिडू पाडणं म्हणजे काय ते ज्यांनी गावात खेळ खेळले आहेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. सारख्या ताकदीच्या दोन पोरांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बाजूला जायचं, कानात कुजबुजून आपापलं गुप्त नाव ठरवायचं, एक आंबा तर एक चिंच. मग परत येऊन दोघा पुढाऱ्यांसमोर उभं राहून विचारायचं, आंबा घेता का चिंच. पुढारी आंबा म्हणाला की आंबा त्याच्याकडे, चिंच पलीकडे. अशा जोड्या फुटत गेल्या की दोन्ही बाजू आपोआप तोलामोलाच्या होतात. जोडी विजोड दिसली की कप्तान तिला परत पाठवायचा. धाकट्याला थोरल्यासोबत खपवलेलं त्याला चालत नसे. आम्हाला दुसरा संघ माहीतच नव्हता. त्या पंचक्रोशीत फुटबॉल फक्त आमच्याकडे, म्हणून वर्षभर पोरं रोज भिडू पाडून आपापसातच खेळली.

आणि मग एक दिवस पाटील दमणीतून मेहकरला निघाले होते. मैदानाशी त्यांनी बैल थांबवले, खाली उतरले, वाकून मूठभर माती उचलली, चोळली आणि माझ्याकडे पाहून मनापासून हसले. म्हणाले, "लय कष्ट केले तुमच्या पोराइनं. हे तं वावर निघालं. माघात नांगर घालतो, तूर चांगली येईन इथं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पाटील वाईट माणूस नव्हते, हेही सांगतो. त्यांना खरंच वाटत होतं की पोरांनी त्यांच्यावर उपकार केले. मी तापट माणूस, रस्त्यातच त्यांच्याशी भांडलो. दिलेली जागा परत घेता का, असं मोठ्यानं विचारलं. ते शांतपणे म्हणाले की जागा खेळायला दिली होती, लिहून दिली नव्हती, आणि हवा भरलेल्या गोळ्यामागे पळून कोणाचं भलं झालं ते एकदा दाखवा. हेडमास्तर शाळेच्या दारातून हात हलवून मला गप्प बसायला सांगत होते. मी गप्प बसलो नाही, पण त्यानं काही फरक पडला नाही.

त्याच थंडीत ती बातमी आली. वेगवेगळ्या देशांची शाळकरी पोरं एका मोटारीतून देशोदेशी फिरत होती. गावोगाव तिथल्या मुलांशी फुटबॉल खेळायचं आणि मैत्री करायची, एवढाच त्यांचा उद्योग. वेरूळ-अजिंठा पाहून ती जालन्यावरून लोणारचं सरोवर पाहायला येणार होती, आणि वाटेत फुटबॉल खेळणारी शाळा कोणती, असं जिल्हा परिषदेला विचारलं गेलं होतं. वाटेवर एकच शाळा होती. आमची. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं आणि माझी छाती फुगली.

गावात दुसरा विषय उरला नाही. एस.टी. थांबते तिथल्या हॉटेलात पाटील चहा पीत बसले होते. मीही होतो, अर्धं गाव होतं. पाटलांनी बशी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका मास्तर. त्या परदेशातल्या पोराइले हरवून दाखवा, जमीन शाळेची. हरले तं माघात नांगर घालीन, अन् मंग तुम्ही तोंड उघडायचं नाही." पाटील कोर्टकचेरीचे शौकीन. मेहकरच्या कोर्टात त्यांचा एक ना एक दावा नेहमी चालू असे. पण त्यांनी दिलेला शब्द फिरवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मी तिथेच हो म्हटलं.

हेडमास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. त्यांचं म्हणणं अगदी उलट. बुलढाण्याहून परिषदेचे साहेब येणार, पाहुणे एवढ्या लांबून येणार, आणि आपण त्यांना हरवायचं हे बरं दिसत नाही. एखादा गोल सोडून द्यावा, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, सर, मैदान सोडून द्यावं लागेल. त्यांनी कपाळाला हात लावला. पाटलांच्या पैजेला जिंकलेलं हवं, हेडमास्तरांना हरलेलं हवं, आणि त्या दोघांच्या मधे मी शिट्टी घेऊन उभा.

पुढचे दिवस मी पोरांना झोडपून काढलं. थ्रो कसा टाकायचा, कॉर्नर कसा मारायचा, हात कुठे लागू द्यायचा नाही, सगळं घोटून घेतलं. रोज शेवटी विचारायचो, काय करायचं आहे, आणि पोरं एका आवाजात म्हणायची, जिंकायचं आहे. कोणाशी, ते मी कधी फोड करून सांगितलं नाही. जे इतकं उघड आहे ते काय सांगायचं, असं मला वाटलं.

मोटार संध्याकाळी आली. दिव्यांची, लांबलचक, धुळीनं माखलेली. पोरं उतरली. कोणी गोरं, कोणी काळसर, तांबड्या केसांचं एक, दोघं-तिघं तर आपल्याकडच्यासारखेच दिसणारे. त्यांना सांभाळणाऱ्या बाई उंच, चष्मा लावलेल्या, आणि सोबत औरंगाबादचे एक प्राध्यापक दुभाषी म्हणून. झोपायची सोय शाळेतच होती, पण जेवण आमच्या खेळाडूंच्या घरी, दोन-दोन पोरं एकेका घरी. हेडमास्तरांनी कप्तानाचं घर वगळलं होतं. सालदाराच्या झोपडीत पाहुणा कसा पाठवायचा म्हणे. मी सांगितलं, कप्तानाच्या घरी पाहुणा जाणार नसेल तर कुठेच जाणार नाही. मग तांबड्या केसांचा पोरगा आणि मी असे दोघं त्याच्याकडे जेवायला गेलो. कप्तानाच्या आईनं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. पोरानं कौतुकानं ठेचाच आधी तोंडात घातला. त्याचा चेहरा केसांच्या रंगाचा झाला, डोळ्यांतून पाणी. तिनं लगबगीनं गुळाचा खडा त्याच्या तोंडात दिला आणि लेकराच्या पाठीवरून हात फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर कप्तान बैलांना पाणी पाजत होता आणि तांबडा पोरगा एका बैलाची दोरी धरून उभा होता.

सामन्याला सगळं गाव लोटलं. धोंड्यांच्या बांधावर, झाडांवर, गाड्यांवर माणसं. पाटलांची दमणी अगदी मधोमध उभी, वर गादी टाकलेली. बुलढाण्याचे साहेब आले, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना, बाईंना आणि मला चहाला आत नेलं. चहा, मग हार, मग हेडमास्तरांचं भाषण, मग त्या भाषणाचं प्राध्यापकांनी केलेलं भाषांतर. मी सारखा खिडकीतून बाहेर पाहत होतो. पोरांना मी सांगून आलो होतो की तोवर अंग गरम करून ठेवा.

बाहेर आलो आणि पाहतो तर मैदानात एकही संघ नव्हता. आमची आणि त्यांची पोरं जोडीजोडीनं, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून इकडे तिकडे फिरत होती. कोणी बांधामागे, कोणी बाभळीखाली, कानाला तोंड लावून कुजबुज. भाषा एकमेकांची कळत नाही, तरी कुजबुज चालूच. मधोमध कप्तान आणि त्यांचा पुढारी, एक उंच काळासावळा मुलगा, कंबरेवर हात ठेवून उभे. एक जोडी समोर आली. आमच्या पोरानं दोन्ही हात डोक्याला लावून शिंगं केली, त्याच्या जोडीदारानं हात गोल फिरवून मोटार चालवून दाखवली. बैल घेता का मोटार. त्यांचा पुढारी हसला आणि शिंगांकडे बोट दाखवलं. आमचा पोरगा त्याच्याकडे गेला, पाहुणा कप्तानाकडे.

माझा पारा चढला. धावत जाऊन कप्तानाचा दंड धरला आणि विचारलं की हे काय चाललं आहे.

"भिडू पाडून राह्यलो सर," तो म्हणाला.

कोणी सांगितलं, म्हणून मी ओरडलो.

त्याला माझा राग कळलाच नाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. "कोनी कशाले सांगायले पाहिजे? भिडू पाडल्याशिवाय खेळ कसा होईन?"

मी त्याला खालच्या आवाजात पाटलांच्या पैजेची आठवण करून दिली. मैदानाचं काय होईल ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. हुतुतूच्या सामन्यात समोरचं गाव वेगळं आणि आपलं गाव वेगळं असतं की नाही, हेही विचारलं. तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "हुतुतूत ते त्याइच्या घरून जेवून येते सर. हे तं काल आपल्या घरी जेवले. त्याइले एकटं एका बाजूले काऊन उभं करायचं?"

मी त्याचा दंड सोडला.

तोवर बाई, प्राध्यापक, साहेब सगळे जवळ आले होते. बाईंनी काय प्रकार आहे म्हणून विचारलं, आणि प्राध्यापकांनी ओशाळून आमच्या पोरांच्या वतीनं माफी मागायला सुरुवात केली असावी, कारण बाईंनी त्यांना मधेच थांबवून पुन्हा नीट विचारलं. मग प्राध्यापकांनी भिडू पाडणं समजावून सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि समोर जोड्या येत होत्या, हत्ती आणि होडी, सूर्य आणि चंद्र. बाईंनी चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले आणि काहीतरी बोलल्या. प्राध्यापक आमच्याकडे वळून म्हणाले, "त्या म्हणतात, आम्ही प्रत्येक गावी सामना झाल्यावर मुलांना मिसळायला सांगतो, तेव्हा कुठे मिसळतात. आधीच मिसळलेली मुलं त्यांनी इथेच पाहिली."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून हेडमास्तरांनीही वाजवल्या. आपल्याला आता कोणाला हरवायला नको, हे ध्यानात येऊन त्यांच्या जिवात जीव आला होता. माझा जीव मात्र पाटलांच्या दमणीकडे लागलेला. तिथून कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

आता बाजू ओळखायच्या कशा, हा प्रश्न आला, कारण दोन्हीकडे दोन्ही रंगांचे सदरे. तो कप्तानानंच सोडवला. एका बाजूनं आपल्या शाळेच्या पांढऱ्या टोप्या घालायच्या, दुसरीनं बोडकं राहायचं. कप्तानाच्या वाट्याला टोप्या आल्या. परदेशी पोरांनी गांधी टोप्या कानापर्यंत ओढून घेतल्या आणि गावानं जो हंशा केला त्यानं झाडावरचे कावळे उडाले. तांबडा पोरगा बोडक्यांत गेला होता, म्हणजे कप्तानाच्या समोर. मी शिट्टी फुंकली.

खेळ झाला असा की काय सांगू. सुरुवातीला गावाला कळेना की ओरडायचं कोणासाठी. आपले कोणते, आपले कोणते, असा एकच गोंधळ. मग ज्याच्या पायात चेंडू तो आपला, असं आपोआप ठरून गेलं. कप्तानानं आट्यापाट्यातली हुलकावणी देऊन तिघांना फसवलं आणि टोप्यांचा गोल केला. बोडक्यांचा गोलकीपर आमचाच, वाण्याचा मुलगा, तो आपल्याच कप्तानाला शिव्या घालत चेंडू आणायला पळाला. पाहुण्या पोरांना बूट होते. आमच्या पोरांच्या उघड्या पायांवर पाय पडतो म्हणून त्यांतल्या दोघा-तिघांनी बूट काढून बाजूला ठेवले. पण एवढे दिवस आम्ही वेचून काढले तरी एखाददुसरा सराटा राहिलाच होता. एक पोरगा लंगडायला लागला, तर त्याच्याविरुद्ध खेळणारा आमचा पोरगा खाली बसून, त्याचा पाय मांडीवर घेऊन काटा काढायला लागला आणि चेंडू त्यांच्या शेजारून निघून गेला. मी शिट्टी वाजवली नाही. ती तोंडातून काढून हातात धरली आणि काटा निघेपर्यंत थांबलो.

शेवटी शेवटी दोन्हीकडे सारखे गोल होते. आमच्या एका पोरानं कडेनं चेंडू नेऊन मधे टाकला आणि तांबड्या पोरानं तो टोपीवाल्यांच्या गोलात मारला. बोडके जिंकले. दोन्ही बाजूंनी मिळून तांबड्याला खांद्यावर घेतलं, कप्तान सगळ्यात पुढे. मी इतके दिवस जिंकायचं, जिंकायचं म्हणून घसा कोरडा केला होता, आणि माझा कप्तान हरून असा नाचत होता. मला त्याचा एवढा अभिमान वाटला की क्षणभर मी मैदानाचंही विसरलो.

पाटील विसरले नव्हते. ते दमणीतून उतरले तशी गर्दी बाजूला झाली. पैज सगळ्यांनाच माहीत होती. पाटलांनी कप्तानाला बोलावलं. आपल्या सालदाराचा मुलगा म्हणून ते त्याला जन्मापासून ओळखत होते.

"तू जिंकला का हरला?" त्यांनी विचारलं.

"हरलो," कप्तान म्हणाला.

"अन् तू?" त्यांनी वाण्याच्या मुलाला विचारलं. तो घाबरत म्हणाला की जिंकलो. पाटलांनी एकेकाला विचारलं. कोणी हरलो म्हटलं, कोणी जिंकलो म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाटील दमणीत चढले आणि बैल हाकले. दुपारी मोटार लोणारकडे निघाली, तेव्हा पोरं सडकेवर लांबपर्यंत तिच्यामागे पळत गेली. चार-सहा टोप्या मोटारीतच गेल्या.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. पाटील भेटले की रामराम करायचे, पुढे अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं, ह्याची मला धास्ती होती. हेडमास्तर म्हणाले, साहेब खूश आहेत, बस झालं. पोरं रोज खेळत होती. धोंडे वेचणं मात्र बंद झालं होतं. उद्या दुसऱ्याचं होणार असलेल्या वावरातले धोंडे कोण वेचणार?

माघ लागला. एका सकाळी शाळेमागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी बनियनवरच धावत सुटलो. मैदानात पाटलांची बैलजोडी जुंपलेली, नांगराच्या मुठीवर सालदार, आणि बैलांच्या पुढे दोरी धरून चालणारा आमचा कप्तान. पाटील धोंड्यांच्या बांधावर काठी टेकून बसलेले. पोराच्याच हातून त्याचं मैदान नांगरून घेता, असं काहीतरी मी बोललो. शब्द आठवत नाहीत, पण आवाज विहिरीपर्यंत नक्की गेला असेल.

पाटलांनी काठीनं शेजारची जागा दाखवली. "बसा मास्तर. आधी पाहा, मंग भांडा."

मी पाहिलं. नांगराचा तास, ती उकरलेली रेघ, सडकेच्या बाजूनं सरळ गेला होता, गोलाच्या बल्लीला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत, तिथून वळून दुसऱ्या बाजूला. आतलं एक ढेकूळही हललं नव्हतं. मैदानाच्या चार कडा तेवढ्या नांगरल्या जात होत्या.

"मी लय दावे लढलो," पाटील म्हणाले, "पण असा खटला नाही पाह्यला. हरले तं नांगर घालीन म्हटलं होतं. निम्मे हरले, म्हणून घातला. जिंकले तं जमीन शाळेची म्हटलं होतं. निम्मे जिंकले, म्हणून तासाच्या आत जेवढी आहे तेवढी शाळेची. आता कोनाच्या बापाले माझा शब्द खोटा म्हणता येत नाही." मग आवाज बदलून हळूच म्हणाले, "हरलो म्हणताना त्या पोराची मान खाली नव्हती हो मास्तर. मले लय दिवस झोप नाही आली."

नांगर चौथ्या कडेवर आला, कोपऱ्यात तास तासाला मिळाला. सालदारानं बैल थांबवून घाम पुसला आणि मैदानाच्या मधोमध काठीनं दाखवत विचारलं, इथून पन एक तास घालू का, म्हणजे इकडचे कोन अन् तिकडचे कोन ते समजीन. पाटील माझ्याकडे पाहायला लागले. खेळाच्या नियमाप्रमाणे मधली रेघ लागतेच, असं सांगायला मी तोंड उघडलं.

पण कप्तानानं बैलांची दोरी हातातून सोडली नाही. त्यानं बैल सडकेकडे वळवले आणि बापाला म्हणाला, "मधून नको बाबा. मधी आपल्याले पळायचं आहे."

त्या पोराचा मी मास्तर होतो. हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते, आणि होऊ द्यावी असंच मला वाटतं.